फुकटचा शुक्रवार

आमच्या छापखान्यातून कुणी कायमचं निघालं, की त्याला वाजवून बाहेर काढतात. निघणारा आपल्या टेबलापासून मोठ्या दारापर्यंत चालत जातो आणि बाकीचे हाताला लागेल ते लोखंड दुसऱ्या लोखंडावर आपटत राहतात. छपाईच्या फर्म्याच्या चौकटी, नट आवळायचे पाने, हातोड्या, शाईचे रिकामे डबे. दार ओलांडेपर्यंत आवाज थांबवायचा नाही. समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्याही चरता चरता मान वर करतात. गावात कुणी नवखं असलं तर विचारतं, काय कोसळलं? जुनी माणसं म्हणतात, काही नाही, क्रॅब्ट्रीच्या छापखान्यातलं कुणीतरी सुटलं.

आणि तो दिवस फुकट असतो. हे बाकीच्या छापखान्यांत नाही, आमच्याकडेच आहे. निघणाऱ्याचा पगार आदल्या दिवशी चुकता होतो, कागद त्याच्या हातात पडतात, आणि शेवटच्या दिवशी तो येतो तो नोकर म्हणून नाही. तो दिवस त्याने मागे राहणाऱ्यांना द्यायचा. कुणाच्या मशीनचे रूळ पुसायचे, कुणाचा गठ्ठा बांधायचा, सगळ्यांना चहा करायचा, घरून खाणं आणायचं. घडी घालणाऱ्या बायकांचं त्यावर एक गाणंही आहे, आमच्या सासवांच्या वेळेपासूनचं:

नखातली शाई नदीला दे,
हातातलं काम आम्हाला दे,
आजचा दिवस फुकट दे,
उद्यापासूनचे तुझे तू घे.

लॉरेन ड्रेक निघाली ती फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला. तिने आल्याचा केक आणला होता आणि सॉसेज रोल, तेही दोन ट्रे. मी तिच्या शेजारच्या टेबलावर असायची. त्या दिवशी एका अंत्यविधीच्या पत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे होता. तिने तो ओढून घेतला आणि हाडाच्या पट्टीने एकेक घडी दाबत संपवून टाकला. म्हणाली, "तू बस गं. आज मी मोलकरीण आहे." दुपारी नॉर्मनचा कटर तिने चालवला. नॉर्मन आमचा सर्वांत जुना मशीनवाला, सत्तरीला टेकलेला. तो स्टुलावर बसून केक खात तिच्या चुका काढत होता. साडेतीनला आम्ही तिला वाजवून बाहेर काढलं. ती हसत गेली, दारापाशी थोडी रडली, आणि मागे वळून न बघता उतारावरून खाली गेली. मागे वळून बघायचं नसतं.

ती गेली होती वडिलांसाठी. सिरिल ड्रेक, आयुष्य गालिच्यांच्या गिरणीत गेलेलं, छातीत लोकरीची धूळ साठलेली. जिना चढला की भात्यासारखा वाजायचा. आमचा छापखाना खाली नदीकाठी आणि त्यांचं घर पार वर, चर्चच्या पलीकडे. दिवसभर म्हातारा एकटा. त्याच घराच्या वरच्या अंगाला रोपवाटिका आहे, तिथे इमोजेन नावाच्या तरुण मुलीने चहाघर काढलं होतं. तिला बाई हवी होती. पगार जरा कमी, पण दुपारी दहा मिनिटांत घरी येऊन म्हाताऱ्याला गरम सूप देता येणार. लॉरेन म्हणाली होती, पंचवीस वर्षं शिसं आणि शाई झाली, आता जरा माती बघते.

तीन आठवडे तिने माती बघितली. मग ती साथ आली आणि देश बंद झाला. चहाघर बंद, रोपवाटिका बंद, आमचा छापखाना बंद. लग्नंच नाहीत तर पत्रिका कसल्या, जत्रा नाहीत तर भित्तीपत्रकं कसली. सिरिलला सरकारी पत्र आलं, छाती अशी आहे तेव्हा घराबाहेर पाऊल टाकू नका, आणि बाहेर वावरणारं माणूसही जवळ नको. त्याने ते पत्र चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "एवढी वर्षं कुणी विचारलं नाही, आता राणीने निरोप धाडलाय, सिरिल, घरात बस."

आम्हां सगळ्यांना मात्र सरकारने घरी बसवून सांभाळलं. पगाराच्या शंभरातले ऐंशी सरकार देणार, मालकाने फक्त नावं कळवायची. अट एकच: अठ्ठावीस फेब्रुवारीला तुम्ही त्या मालकाच्या पगारावर असायला हवं. इमोजेनकडे लॉरेन लागली दोन मार्चला. पोरीने फोनवर रडून घेतलं, म्हणाली, माझ्या हातात असतं तर मी काय नाही केलं असतं. लॉरेननेच तिची समजूत काढली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, नोकरी माझी गेली, रुमाल तिचा भिजला.

तिच्यापुढे दोन रस्ते होते. घरी बसायचं आणि भाडं थकवायचं, किंवा मोठ्या रस्त्यालगतच्या पार्सलांच्या गोदामात जायचं. तिथे माणसं पाहिजेच होती, साऱ्या देशाने घरबसल्या वस्तू मागवायला सुरुवात केली होती. पण तिथे शेकडो माणसं एका छपराखाली, आणि संध्याकाळी तेच कपडे घेऊन ती सिरिलच्या खोलीत येणार. सरकारची दुसरी मदत होती, गरजूंची. तिने तीही हिशेबात धरली. ती यायला पाच आठवडे, आणि आली तरी भाड्याला पुरेना.

एप्रिलच्या सुरुवातीला एक वाट निघाली. सरकारने सांगितलं, अठ्ठावीस फेब्रुवारीला किंवा त्यानंतर ज्यांनी नोकरी सोडली, त्यांना जुना मालक पुन्हा पटावर घेऊ शकतो, आणि घरी बसवून सरकारकडून पगार मिळवून देऊ शकतो. मालकाच्या खिशाला तशी तोशीस नाही.

मी बातमी ऐकली आणि लॉरेनला फोन लावला. म्हटलं, "अगं, अठ्ठावीस! तू अठ्ठावीसलाच निघालीस. मी वाजवलंय ना, माझं मनगट दुखत होतं दोन दिवस."

ती मग म्हणाली, "कागदावर मी सत्तावीसला निघाले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुकटचा शुक्रवार. तो कागदावर नव्हताच.

तिने आणखी एक सांगितलं. पगारपत्रक बघणारी ग्लेनिस त्या आठवड्यात तिला म्हणाली होती, लॉरेन, शुक्रवार मांडून टाकू का? हल्लीच्या पोरांना ह्या रीती कळतही नाहीत, मालकांना मी सांगते. लॉरेनला ते लागलं होतं. "मी तिला म्हटलं, पंचवीस वर्षांनी निघतेय, आणि माझा एक दिवस सगळ्यांना देण्याइतकी ऐपत नाही का माझी? भिकारी समजतेस? अस्सं बोलले मी तिला." मग म्हणाली, "बिचारी ग्लेनिस."

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना फोन केला. जेफ्री क्रॅब्ट्री, तिसऱ्या पिढीचे मालक. माणूस वाईट नाही. कंजूष म्हणाल तर आहेत, पण खोटं बोलणार नाहीत, आणि वडील-आजोबांनी घालून दिलेल्या रेषेवरून पाय हलवणार नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सिरिलची चौकशी केली, आणि म्हणाले, "लॉरेन, तो दिवस मी तुझ्याकडून विकत घेतलेला नाही. तू तो दिलास. न घेतलेला दिवस घेतला असं सरकारला कसं लिहून देऊ?"

ती म्हणाली, बरोबर आहे मिस्टर क्रॅब्ट्री. आणि फोन ठेवला.

मला राग आला तो ह्याचा, की तिने वाद घातला नाही. तिला म्हटलं, भांड ना जरा. ती म्हणाली, काय भांडू, माणूस खरं बोलतोय. मी म्हटलं, खऱ्याची चटणी करून बापाला वाढणार आहेस का? त्यावर ती हसली खरी, पण त्या हसण्यात काही नव्हतं.

छापखाना बंद असला तरी आठवड्यातून एकदा मशीनना तेल द्यावं लागतं, रूळ फिरवावे लागतात, नाहीतर गंजतात. त्यासाठी नॉर्मन यायचा आणि मदतीला मी. मालक यायचे दारं उघडायला. तिघंही एकमेकांपासून लांब, मशीन मध्ये ठेवून. त्या बुधवारी मी नॉर्मनला लॉरेनची हकीकत सांगितली. तो रूळ पुसत होता. त्याने फडकं धुतलं, पिळलं, शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या कपाटावर वाळत टाकलं. मग मालकांच्या काचेच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. नॉर्मन मालकांना एकेरीत बोलतो. त्यांना शाळकरी असताना खिळे जुळवायला त्यानेच शिकवलं होतं.

"जेफ्री," तो म्हणाला, "त्या शुक्रवारी दुपारी लॉरेनने माझा कटर चालवला."

"मी बघितलं," मालक म्हणाले.

"पातं खाली येताना तिची बोटं आत राहिली असती, तर दवाखान्यात तू काय सांगितलं असतंस? कामावर होती, का पाव्हणी आली होती?"

मालक खुर्चीत बसून होते. बाहेर नदीचं पाणी बांधावरून पडत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फार वाईट माणूस आहेस तू, नॉर्मन."

"तुझे वडीलही हेच म्हणायचे," नॉर्मन म्हणाला, आणि रूळ पुसायला परत आला.

त्याच दुपारी मालकांनी ग्लेनिसला घरी फोन केला. लॉरेन ड्रेक अठ्ठावीसला कामावर होती, मी स्वतः पाहिलं, कागद दुरुस्त करून पाठव, तिचा त्या दिवसाचा पगारही काढ. ग्लेनिस घाबरली. म्हणाली, पाठवते, पण नियम जाहीर झाल्यावर आपण शुक्रवार उगवून आणला असं सरकारला वाटेल. मालक म्हणाले, वाटू दे. शुक्रवार उगवला होता. त्यांना विचार, सॉसेज रोल कुणी आणले होते.

ग्लेनिसने सरकारला सॉसेज रोलचं लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं. छापखान्याची रीत लिहिली, आम्हा सात जणांच्या सह्या घेतल्या, प्रत्येकाच्या दारातून, लेखणी पुसून पुसून. लॉरेनच्या घरी त्या दिवशी सिरिलने रेडिओ मोठ्याने लावला. ती म्हणाली, बाबा, अजून काही झालं नाही. तो म्हणाला, होईपर्यंत गाणी ऐकायला बंदी आहे का?

मग वाट बघणं. गोदामवाल्यांचा तिला रोज फोन, येताय की नाही? ती म्हणे, एक आठवडा द्या. मध्येच सरकारने आपली रेषा पुढे सरकवली, एकोणीस मार्चपर्यंत ज्यांचं नाव आमच्याकडे पोचलं त्यांनाही घेऊ म्हणाले. आम्हाला वाटलं, झालं, आता चहाघराच्याच बाजूने काम होईल, ती तर दोन तारखेपासून तिथे होती. मी पळत सुटले असते वर, पण पळायला बंदी होती. फोनवर इमोजेन म्हणाली, ती महिनाअखेरीला पगार काढते आणि नावं तेव्हाच पाठवते. लॉरेनचं नाव गेलं ते मार्च संपता संपता. सरकारची रेषा दुसऱ्यांदा तिच्या पायांपाशी येऊन थांबली. इमोजेन पुन्हा रडली. लॉरेनने पुन्हा समजूत काढली.

त्या दिवसांत एकदा मी किराणा घेऊन तिच्या फाटकाशी गेले होते. ती पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. आत सिरिल खोकत होता. तो खोकला लागला की तिचे हात थांबायचे, थांबला की चालू व्हायचे. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. ती माझ्याशी वाटाण्याच्या दराबद्दल बोलत होती, आणि हात थांबत होते, चालत होते. मी पिशवी भिंतीवर ठेवली. म्हटलं, आमच्या परसात माझ्या भावाची चाकांवरची खोली उभी आहे, रिकामीच आहे. लागली तर. ती म्हणाली, नाही लागणार. मग म्हणाली, हीटर चालतो का तिचा?

मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. मालकांनी ते फोनवर सांगितलं नाही. स्वतः चढ चढून गेले, टाय लावून. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर त्यांना चालताना कुणी पाहिलं नव्हतं. फाटकाबाहेर थांबले, टोपी काढून हातात घेतली. लॉरेन दारात आली आणि तिने त्यांच्या टोपीकडे बघितलं, तेव्हाच तिला कळलं. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

ते म्हणाले, "नाही म्हणतायत. जाहीर झाल्यानंतर केलेली दुरुस्ती धरत नाहीत. आधी जे पाठवलं तेच खरं."

"बरं," ती म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं. ग्लेनिसने विचारून घेतलंय." मग म्हणाले, "तरी मी म्हणायला हवं होतं."

ती म्हणाली, "चहा देता येत नाही मिस्टर क्रॅब्ट्री. आत बोलावता आलं असतं तर केला असता."

त्यांनी एक पाकीट फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि त्यावर दगड ठेवला. शुक्रवारचा पगार. छापखाना उघडला की परत ये, असं म्हणाले. कधी उघडेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, वाजवून काढलंत तुम्ही मला, आता परत कशी येऊ, लोक म्हणतील नीट वाजवलं नव्हतं. ते हसले नाहीत. टोपी घातली आणि उतरायला लागले.

पाकीट तिने घेतलं. न घेण्याइतका तोरा आता परवडणार नव्हता, असं ती म्हणाली.

आत येऊन तिने सिरिलला सांगितलं. तो खिडकीपाशी बसला होता, त्याने सगळं ऐकलंच होतं. तो म्हणाला, गोदामात कधीपासून? ती म्हणाली, सोमवारी. आणि मग मी इथे राहू शकत नाही, बाबा. खाली राहीन, छापखान्यातल्या शेजारणीच्या परसात, चाकांवरच्या खोलीत. रोज जेवण पायरीवर ठेवून जाईन. तुम्ही मी फाटकाबाहेर गेल्यावर दार उघडायचं.

"मांजराला ठेवतात तसं," सिरिल म्हणाला.

"मांजर कुरकुर करत नाही."

"आमचं करायचं."

तिने रविवारी सगळं घर धुतलं. औषधं तारखेप्रमाणे लावली, कपाटावर मोठ्या अक्षरांत माझा नंबर चिकटवला, चष्म्याची दुसरी जोडी रेडिओपाशी ठेवली. सिरिल मागे मागे फिरत म्हणत होता, तुझी आई गेली तेव्हाही मी जिवंत राहिलो होतो, विसरलीस का? त्याच्या दाराची कडी जुनी, अडकायची. लॉरेनने तिला तेल घातलं. त्या घरात कडी कधी लावलीच जात नसे. लॉरेन बाहेर असली की ती येईपर्यंत दार नुसतं ओढलेलं. मुलगी असतानाची सवय ती. नाचून, उंडारून, पहाटे आली तरी दार उघडं, आणि आत खुर्चीत बाप जागा.

संध्याकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मी खाली वळणावर थांबले होते, तिच्या उशा घ्यायला. सिरिल पँटचे पट्टे लावून, केस विंचरून दारात उभा होता, जणू कुणाला स्टेशनवर पोचवायला निघालाय. ती पायऱ्या उतरली आणि दोन पावलं लांब उभी राहिली.

"आता कडी लावायची," ती म्हणाली. "मी येणार नाहीये आत. तुम्ही विसरून दार ओढून ठेवाल, आणि मी विसरून ढकलीन."

"तू विसरशील?"

"दमले की विसरते मी, बाबा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. डोळे ओले वगैरे काही नाही, ड्रेक लोक तसले नाहीत. म्हणाला, "उद्या स्ट्यू कर. कांदा जास्त घाल. थंड झाला तरी खाता येतो." आणि दार लावलं.

ती फाटकाबाहेर येऊन थांबली. मी खालून खूण केली, चल. तिने हाताने थांब म्हटलं. आतून काही वेळ काहीच ऐकू येईना. मग तेल घातलेली कडी हळूच सरकली आणि बसली. तेव्हा लॉरेनने पिशवी उचलली आणि ती उतरायला लागली.